प्रयोजन

सरकारी गाडीच्या लॉगबुकात प्रयोजनाचा एक रकाना असतो. तारीख, निघतानाचे किलोमीटर, परत आल्यावरचे किलोमीटर, मग गाडी कशासाठी काढली ते प्रयोजन, आणि शेवटी सही. नगरच्या व्हीआरडीईत, म्हणजे संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेत, मी एकतीस वर्षं चालक होतो. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. एवढ्या वर्षांत जे जे चालवलं त्यातलं एक चाकही माझं नव्हतं. देशात विकायची गाडी आधी ठरलेल्या संस्थांकडून तपासून घ्यावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६वा नियम सांगतो. त्या संस्थांत पुण्याच्या एआरएआयबरोबर आमचंही नाव आहे. त्यामुळे ट्रॅकवर सारखं काहीतरी नवं उभं असायचं. चढावर थांबवून बघायचं, खड्ड्यांतून न्यायचं, ब्रेक दाबून मोजायचं. संध्याकाळी चावी खिळ्याला अडकवायची, लॉगबुक भरायचं आणि सायकलवर टांग टाकून घरी यायचं. दुसऱ्याची गाडी चालवली म्हणून मला कधी अपराधी वाटलं नाही.

आणि गेल्या पावसाळ्यात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पुण्यातल्या एका शोरूमची गाडी वीस मिनिटं चालवली, तर चोरी केल्यासारखं वाटलं. गाडी जशी नेली तशी परत दिली होती. एक ओरखडा नाही. मग चोरलं काय?

कल्पना भाच्याची. तो सुप्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे. एका रविवारी घरी येऊन म्हणाला, "मामा, पोर्शे नऊशे अकरा चालवायची का? मी वेळ घेऊन ठेवलीय." वेळ कशी घेतली ते गाडीत बसल्यावर कळलं. मामांची जमीन एमआयडीसीत गेली, मोबदला आला, त्यांना गाडी घ्यायचीय, असं त्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं. माझी जमीन म्हणजे सोनईजवळ दीड एकर, तीही भावांत सामाईक. मी तिथंच नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही, कारण गाडी ९११ होती.

या गाडीबद्दल मी नोकरीत असल्यापासून वाचत आलोय. १९६३ साली ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेले आकडे आमचे, असं प्यूजो कंपनीनं म्हटल्यावर शून्याचा एक झाला. इंजिन मागच्या चाकांच्याही मागं. कुठल्याही मेकॅनिकला विचारा, वजन तिथं ठेवलं की वळणावर गाडीची शेपूट बाहेर पळणार. साठ वर्षं त्या लोकांनी इंजिनाची जागा सोडली नाही, शेपटीलाच शिस्त लावत राहिले. असल्या हट्टाबद्दल मला आदर आहे.

शोरूममधला पोरगा पंचविशीतला. माझ्या पायात चपला, डोक्यावर टोपी. त्यानं टोपीकडं बघितलंसुद्धा नाही. "काका, मी पण आपल्याकडचाच, पाथर्डीचा," म्हणाला. चहा आला. मग फॉर्म आला. नाव, पत्ता, लायसन्सचा नंबर, आणि खाली एक ओळ: गाडी कधीपर्यंत घेण्याचा विचार आहे. भाच्यानं पटकन लिहिलं, तीन महिन्यांत. सही मला करायची होती. एकतीस वर्षं ज्या हातानं लॉगबुकात एक किलोमीटरही खोटा लिहिला नाही, त्याच हातानं मी सही केली.

गाडी चालू करायची कळ उजव्या हाताला, दाराच्या बाजूला. पूर्वी ल मांच्या शर्यतीत ड्रायव्हर पळत येऊन गाडीत बसायचे, एका हातानं इंजिन चालू आणि दुसऱ्यानं गिअर, म्हणून ती तिथं आहे असं पोरानं सांगितलं. तो माझ्या शेजारी बसला. मागं नावाला दोन सीटं आहेत, त्यांत भाचा गुडघे हनुवटीला लावून घडी घालून बसला. मी गाडी बाहेर काढली. पाठीमागून येणारा तो आवाज आधी पाठीच्या मणक्याला कळतो, कानाला नंतर. एका मोकळ्या रस्त्यावर पोरगा म्हणाला, "दाबा काका." मी अर्धाच दाबला आणि पाठ सीटला चिकटली. लगेच पाय काढला. कल्याणीनगर आठवलं. १९ मे २०२४च्या पहाटे याच कंपनीची, नोंदणी पूर्ण न झालेली गाडी एका अल्पवयीन मुलानं चालवली आणि मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. जामीन देताना त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. मला कुणी सांगितलेलं नाही, तरी माझा निबंध तीनशेच्या पुढं चाललाय.

परत आल्यावर गाडी लावली, चावी पोराच्या हातात दिली आणि सवयीनं म्हणालो, "अकरा किलोमीटर झाले."

परतताना घाटात भाचा खुशीत होता. म्हणाला, "मामा, तुम्हीच ईशावास्याचं सांगता ना, त्यागानं भोगा म्हणून? टेस्ट ड्राइव्ह म्हणजे तेच. मालकी नाही, हप्ता नाही, आणि भोग पुरा." मी हसलो. पण रात्री झोप आली नाही, कारण बोलणं वरवर बरोबर वाटत होतं. सगळे धर्मग्रंथ जळाले आणि त्या उपनिषदाचा पहिला मंत्र तेवढा उरला तरी हिंदू धर्म टिकेल, असं गांधीजींनी म्हटलं होतं. एवढ्या मोलाच्या मंत्राला दोन कोटींच्या गाडीखाली घातलं तर कुठंतरी करकरणारच. पहाटे लक्षात आलं. त्याग करायला आधी काहीतरी सोडावं लागतं. मी काय सोडलं होतं? पैसे नव्हतेच, म्हणून दिले नाहीत. बिल न भरणं म्हणजे वैराग्य नव्हे. शिवाय त्या मंत्राला शेपूट आहे, याही गाडीसारखंच वजन मागं: दुसऱ्याच्या धनावर डोळा ठेवू नकोस. भाच्यानं पुढचा भाग घेतला आणि मागचा सोडून दिला.

पण एवढ्यानं कोडं सुटेना. ट्रॅकवरच्या गाड्याही दुसऱ्याच्याच होत्या. तिथं काय वेगळं होतं?

कठोपनिषदातलं रथाचं रूपक आम्हा चालकांना जवळचं वाटतं. शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथाचा धनी. त्यात धनी रथ हाकत नाही आणि सारथी रथावर हक्क सांगत नाही. मी एकतीस वर्षं सारथ्याच्या जागी बसलो आणि सुखात होतो, कारण जागा कुठली हे मला ठाऊक होतं. या गाडीत मालकानं मागं बसायची सोयच नाही, याचा पुरावा म्हणून भाच्याचे गुडघे पुरेत. तिच्यात मालकानंच हाकायचं. म्हणजे त्या दिवशी मी सीटवर बसलो तोच मालक होऊन. नसलेला मालक.

आमच्या नेवासे तालुक्यात लहानपण गेलेल्या माणसाला चांगदेवांची गोष्ट सांगायला नको. ज्या गावात १२९०मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या पैसाच्या खांबापाशी आई मला घेऊन बसायची आणि ही गोष्ट सांगायची. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले. माझ्या मते आपल्याकडची पहिली स्पोर्ट्स कार ती. समोरून भावंडं आली बसल्या भिंतीवर. वाघ बघायला लोक गोळा होतात, भिंतीकडं कोण बघतो? चांगदेवांचा दिमाख त्या भिंतीपुढं उतरला. आईचा भर भिंतीवर असायचा. आता मला चांगदेवांची बाजू घ्यावीशी वाटते. दिमाख असेल, पण ते चांगदेव म्हणूनच आले होते. मी जमीन विकलेला दुसराच कुणीतरी म्हणून गेलो होतो.

आमच्याच तालुक्यात शिंगणापूर. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. २०११ साली तिथं युको बँकेनं शाखा काढली तीही बिनकुलपाची. तिथली समजूत सोपी आहे: न विचारता उंबरा ओलांडून उचललंस, की शनी बघून घेईल. मी स्वतःला त्या मापानं मोजून बघितलं. मी उंबरा चोरून ओलांडला नव्हता. मला बोलावलं होतं, चहा दिला होता, चावी हातात ठेवली होती. शनीकडं माझ्यावर लावायला कलम नव्हतं.

कलम सापडलं शेजारी. आमचे शेजारी कापड बाजारातले जुने व्यापारी, जैन, रोज सकाळी आनंदधामला जाणारे. आचार्य आनंदऋषींची समाधी तिथं आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, भाच्याच्या गुडघ्यांसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्यात चोरीला अदत्तादान म्हणतात. न दिलेलं घेणं. साधू दात कोरायची काडीसुद्धा मागितल्याशिवाय घेत नाही." मी म्हटलं, "शेठजी, मला तर दिली होती." त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "कोणाला दिली होती? घेणाऱ्या माणसाला दिली होती. तो तुमच्या गाडीत बसून आलाच नव्हता. मग त्याच्या नावचं तुम्ही घेतलं."

व्हीआरडीईतल्या गाड्या मला, या चालकाला, दिलेल्या होत्या. नाव माझं, काम माझं, प्रयोजन लिहिलेलं. इथं चावी माझ्या हातात पडली, पण दिली गेली होती दुसऱ्याच माणसाला. वस्तू आपली असणं-नसणं हा प्रश्नच नव्हता. जे आपल्याला मिळतं ते आपण जसे आहोत तसं बघून मिळालंय का, एवढाच प्रश्न होता. हे कळल्यावर मला माझ्या एकट्याची नाही, बऱ्याच जणांची चोरी दिसायला लागली. देवळात आपण जे मागतो ते कोण बनून मागतो? नवसाच्या वेळी जो भक्त उभा असतो, तो प्रसाद घेऊन घरी येतो का? पण दुसऱ्यांचं लॉगबुक भरायचं काम माझं नाही.

मधल्या काळात पोराचे फोन येत होते. आधी आठवड्यानं, मग पंधरा दिवसांनी. "काका, रंग ठरला का?" आवाजात घाई नव्हती, तरी प्रत्येक फोननं माझ्या नावावर काहीतरी चढत होतं. त्या पोराला महिन्याचं टार्गेट असणार. माझ्या वीस मिनिटांत एखादं खरं गिऱ्हाईक बसलं असतं. शेजाऱ्यांशी बोलल्यावर दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला. वळसे घेतले नाहीत. "बाळा, मी गाडी घेणारा नाही. जमीन गेली नाही, पैसे आले नाहीत. मी रिटायर ड्रायव्हर आहे. तुला खोटं सांगितलं, सही पण खोटी केली."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "काका, ते मला कळलं होतं."

"कधी?"

"तुम्ही बसायच्या आधी गाडीला चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, चाकाला पायानं ठोकलं. घेणारा माणूस तसं करत नाही, तो आधी काचेत स्वतःला बघतो. आणि परत आल्यावर तुम्ही किलोमीटर सांगितले. घेणारे किलोमीटर कधीच सांगत नाहीत."

"मग चक्कर मारली तेव्हाच थांबवलं का नाहीस?"

"वडील कारखान्याच्या उसाच्या ट्रकवर होते. ते पण चाकाला पायानंच ठोकायचे." एवढं बोलून त्यानं विषय बदलला. त्याच्या गावाकडं पाऊस नव्हता त्या दिवशी.

मग फोन का करत होतास, हे मी विचारलं नाही. साहेब विचारत असेल, कागदावर माझं नाव असेल. आणि मलाही कधी खरं बोलावंसं वाटेल, एवढी जागा त्यानं ठेवली असेल.

शेजाऱ्यांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले. मीच विचारलं, "त्यानं ओळखून दिली, म्हणजे मलाच दिली की. मग चोरी सुटली का?" ते म्हणाले, "त्यानं काय दिलं हे त्याच्या खात्यात. तुम्ही काय समजून घेतलं हे तुमच्या. दोन वह्या वेगळ्या असतात." व्यापारी माणूस, हिशेब सोडत नाही. पण मला तो पटला. त्याच अकरा किलोमीटरमध्ये एकजण देत होता आणि त्याच्या शेजारी बसून दुसरा चोरत होता. माझी चोरी त्याच्या देण्यानं पुसली गेली नाही, आणि माझ्या चोरीनं त्याचं देणं उणं झालं नाही. मी फॉर्म भरताना हा हिशेब मला सांगितला असता, तर हसलो असतो.

रिटायर होताना आणलेली एक कोरी वही माझ्याकडं आहे. घरच्या वॅगन आरसाठी मी तिच्यात रकाने आखलेत, बायको हसते. त्या वहीत मी त्या रविवारची नोंद केली. तारीख लिहिली. निघतानाचा आकडा आता आठवेना, म्हणून नुसतं अकरा किलोमीटर. प्रयोजनाच्या रकान्यात आधी लिहिलं खरेदी, ते खोडलं. चाचणी लिहिलं, तेही खोडलं, कारण माझ्याकडून कुणी चाचणी मागितली नव्हती. शेवटी लिहिलं, हौस.

सहीची जागा मोकळी आहे. नवरात्रात तो शोरूमचा पोरगा मोहटादेवीला जाताना नगरवरूनच जाणार आहे. जेवायला बोलावलंय. वही तेव्हा पुढं करीन.