प्रयोग कोणाचा?

‘करून तर पाहू’ हे शब्द दिसतात तितके नम्र असतातच असे नाही. बोलणारा कोण, यावर त्यांचा अर्थ ठरतो. चार सोबती काम करता करता असे म्हणतात तेव्हा त्यात कुतूहल असते. वरिष्ठ म्हणतो तेव्हा पुष्कळदा हुकूमच नम्रतेचे उपरणे पांघरून आलेला असतो. आम्हा शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. वेळापत्रकाचा ‘प्रयोग’ जूनमध्ये जाहीर होतो आणि त्याच्या यशाचा अहवाल जुलैतच लिहून होतो! जो फसूच शकत नाही, त्याला प्रयोग का म्हणावे?

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२७ साली सहा मुलींना वेगळ्या खोलीत बसवून टेलिफोनच्या यंत्रणेतले भाग जुळवायला दिले. विश्रांतीच्या वेळा, फराळ, कामाचे तास, सारे बदलून पाहिले. उत्पादन एकंदरीत वाढत गेले. आपुलकीने वागवले की माणूस अधिक काम करतो, असा बोध त्यावरून जगभर सांगितला गेला. परंतु १९२८ च्या जानेवारीत त्यांतल्या दोघींना, त्या फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत म्हणून, हलवून दुसऱ्या आणल्या, हे सांगताना पुष्कळांचा आवाज खाली येतो. आपुलकीच्या प्रयोगात न बसणारी माणसेच उठवली, तर सिद्ध काय झाले?

अहमदाबादेत १९५३ साली घडले ते मला अधिक मोलाचे वाटते. तेथील कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग बसवले, तरी काम मनाजोगे होईना. साचेखात्यात २२४ मागांवर २९ माणसे आणि त्यांची कामे बारा प्रकारची! विणकर निराळा, कांड्या भरणारा निराळा, तेल घालणारा निराळा, झाडणारा निराळा. आपला सोबती कोण, हे कोणालाच धड सांगता येईना. लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी सुचवले की, ठराविक माग एकेका लहान गटाकडे सोपवावेत. ही कल्पना कानावर पडताच कामगारांनी आणि त्यांच्यावरच्या मुकादमांनी आपसांत बसून गट पाडले. कोण कोणाबरोबर, हे साहेबाने ठरवले नाही.

आरंभी काम वाढले, पण खराब कापडही वाढले. खरी कसोटी इथे होती. हुकूम असता तर तो रेटला गेला असता किंवा गुपचूप मागे घेतला गेला असता. इथे चूक शोधून दुरुस्त्या झाल्या. पुढे मागांची कार्यक्षमता शेकडा ८० च्या आसपास होती ती ९५ पर्यंत गेली, आणि सदोष कापड शेकडा ३२ वरून २० वर आले.

१९७० मध्ये त्याच संस्थेचे एरिक मिलर यांनी पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा काही खात्यांत ही पद्धत बरीचशी विरली होती, एका ठिकाणी टिकली होती. यावरून प्रयोग फसला म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. सतरा वर्षांत सूत बदलते, बाजार बदलतो, गट पाडणारी माणसे निघून जातात. नव्यांच्या हाती ती पद्धत आयती येते, आणि आयती आलेली पद्धत पुन्हा हुकूमच होऊन बसते.

रजेवर गेलेल्या शिक्षकाचा तास कोणी घ्यायचा, याची आमच्याकडे एक जुनी वाटणी आहे. एकेकाळी शिक्षकांनीच भांडून, करून पाहून ती ठरवली, असे ऐकतो. त्यांच्यापैकी आज शाळेत कोणी नाही. नवे शिक्षक तिला ‘नियम’ म्हणतात.