नियम कोणासाठी लिहावा?

प्रत्येक नियमाला दोन वाचक असतात. एक तो राबवणारा आणि दुसरा, ज्याच्यावर तो राबवला जातो तो. पहिल्याच्या हाती अधिकार असतो. त्यामुळे नियमाची भाषा सहसा त्याच्या सोयीने घडते. दुसरा वाचक दुर्बल असेल, वयाने लहान असेल, तर त्याने तो नियम कधी वाचावा अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. शाळेतील विद्यार्थ्यांच्या आरोग्याविषयीचे, आणि विशेषतः किशोरवयीन मुलीच्या गर्भारपणाविषयीचे नियम या प्रकारात मोडतात. ते परिपत्रकांच्या धारिकेत असतात, तपासणीच्या वेळी बाहेर येतात आणि पुन्हा कपाटात जातात. आठवड्याला वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या शाळेतील प्रत्येक मुलीला ठाऊक असतात. परंतु दिवस गेल्यास शाळा काय करील, कोणाला कळवील आणि कोणापासून राखील, हे पंधरा वर्षांच्या मुलीला ठाऊक नसते. ज्या नियमावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून राहणार आहे, तो तिला आधी कळण्याची व्यवस्था नसताना तिला लागू करणे न्याय्य आहे काय, हा येथे खरा नैतिक प्रश्न आहे.

मराठी वाङ्मयाला हा प्रश्न नवा नाही. केशोबासाने संस्कृतात ग्रंथ रचण्याचे मनात आणले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यास नकार दिला, आणि तसे केल्याने पंथातील म्हाताऱ्या स्त्रिया वंचित होतील, असे कारण सांगितले, ही आठवण ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेली आहे. या नकारामागील तत्त्व भाषाप्रेमाहून अधिक खोल आहे. उपदेशाचे मोल ठरवताना नागदेवाचार्य पंडिताकडे पाहत नाहीत. ज्ञानापासून सर्वांत दूर उभ्या असलेल्या वाचकाकडे पाहतात. आजची परिपत्रके मराठीत असतात, हे खरे. परंतु ‘सक्षम प्राधिकारी’, ‘उचित कार्यवाही’, ‘निदर्शनास आणून देणे’ या शब्दांनी विणलेली मराठी त्या मुलीला संस्कृताइतकीच परकी असते. कार्यवाही कोण करणार, कोणावर करणार आणि ती झाल्यावर आपण वर्गात बसू शकू की नाही, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर तिला त्या वाक्यांतून मिळत नाही.

शब्द सोपे केले म्हणजे नियम सुगम झाला, असेही मात्र नाही. या बाबतीत १८६३ मधील पुण्याचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या मर्जीवर राहील, अशा आशयाच्या जाहिराती पुण्यात भिंतींवर लावण्यात आल्या. तेथे आलेल्या एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतले. करुणेचे कार्य म्हणून या गृहाचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या जाहिरातींचाही स्वतंत्रपणे विचार व्हावयास हवा. त्या भिंतीवर होत्या, म्हणजे त्या वाचण्यासाठी कोणाला काही विचारावे लागत नव्हते. आणि विचारणे म्हणजेच कबुली देणे, अशी त्या स्त्रीची अवस्था होती. संकट ओढवण्यापूर्वीही त्या दृष्टीस पडू शकत होत्या. कोठे यावे, काय गुप्त राहील आणि निर्णय कोणाचा असेल, या तिच्या मनातील प्रश्नांची उत्तरे त्यांत होती. पुष्कळशा विधवांना अक्षरओळख नव्हती, तरी भिंतीवरची गोष्ट कानोकानी पोहोचते. दीडशेहून अधिक वर्षांनंतर किती शाळांच्या भिंतींवर इतके स्पष्ट काही लिहिलेले आढळेल?

येथे एक जुना आणि प्रामाणिकपणे घेतला जाणारा आक्षेप पुढे येतो. या गोष्टी मुलांना उघडपणे सांगणे म्हणजे त्यांना परवानगी देणे होय, असे अनेक पालकांना आणि शिक्षकांना वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, ते या आक्षेपाला तोंड देतच. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले आणि १९३४ मधील अशा एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाला विरोध केला, त्यामागेही हीच धारणा होती. या आक्षेपाची टवाळी करणे सोपे आहे, पण ते उचित नव्हे. मुलांच्या वयाची कोवळीक जपावी, ही त्यामागची भावना खरी असते. तथापि त्यात एक विचारदोष आहे. गर्भारपणाविषयीचा नियम काय करावे हे सांगत नाही; घडून गेलेल्या गोष्टीनंतर मोठी माणसे कशी वागतील, एवढेच सांगतो. अग्निशामक केंद्राचा क्रमांक दारावर लिहिल्याने कोणी घराला आग लावीत नाही. शिवाय यांतील कित्येक मुलींच्या वाट्याला आलेली गोष्ट त्यांच्या इच्छेने घडलेलीच नसते. क्वचित अत्याचार करणारा घरातलाच असतो. अशा मुलीपासून नियम लपवून तिच्या कोणत्या निरागसतेचे रक्षण होते?

याहून कठीण अडचण पुढेच आहे, आणि सुगमतेच्या पुरस्कर्त्यांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. नियम सोप्या भाषेत आणि खरेपणाने लिहावयाचा झाला, तर त्या पानावर काय लिहावे लागेल? लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम, म्हणजे पॉक्सो, अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती मानत नाही. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणे या कायद्याने बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्यास शिक्षा आहे. म्हणून शिक्षिकेजवळ मन मोकळे करणाऱ्या मुलीला, ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन ती शिक्षिका देऊ शकत नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. अल्पवयीन मुलींसह काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. परंतु अठरा वर्षांखालील मुलीला पालकाची लेखी संमती लागते, ती अट कायम राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात थोडी वाट काढली. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय डॉक्टरांविषयी आहे. शाळेतील शिक्षिकेला तो लागू होतो असे मानता येत नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना भीडभाड न ठेवता बोलता यावे, यासाठी त्याअंतर्गत स्नेहपूर्ण आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली गेली. परंतु या स्नेहाची मर्यादा कोठे संपते, हे मुलांना कळणार कसे?

तेव्हा कारभारापुढे दोन मार्ग उरतात. खरे लिहावे, तर मुलगी घाबरून कोणाकडेच जाणार नाही अशी भीती. अर्धे लिहावे, तर ती विश्वासाने येईल आणि नंतर तिचा विश्वासघात होईल. व्यवहारात बहुधा तिसरा मार्ग पत्करला जातो, तो म्हणजे संदिग्धतेचा. नियम अवघड भाषेत राहू देणे हे म्हणूनच प्रत्येक वेळी आळसाचे लक्षण नसते. संदिग्ध भाषेत नियमाचा अंतर्विरोध झाकला जातो. सोप्या भाषेत तो पहिल्याच ओळीत उघडा पडतो. ‘तू आमच्याशी मोकळेपणाने बोल, मात्र तू बोललीस की आम्हाला पोलिसांना कळवावे लागेल,’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिताना लिहिणाऱ्याचा हात अडखळतो. हे अडखळणे मोलाचे आहे. जो नियम त्या मुलीच्या डोळ्यांत पाहून वाचून दाखवता येत नाही, त्याचा फेरविचार करण्याचे दायित्व मोठ्यांवर आहे. तो फेरविचार होईपर्यंत सत्य लपवून तिच्या खांद्यावर त्याचा भार टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही. आधी सत्य कळलेली मुलगी निदान कोणाशी, केव्हा, किती बोलावे हे ठरवू शकते. फसवली गेलेली मुलगी पुन्हा कोणाशीच बोलत नाही.

नियम स्पष्ट असला म्हणजे तो न्याय्य असतोच, असे मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेतील फ्री स्टेट प्रांतात वेल्कम आणि हार्मनी या दोन शाळांच्या धोरणांत गरोदर विद्यार्थिनींना काही काळ शाळेबाहेर ठेवण्याची तरतूद होती. ही धोरणे लेखी होती आणि त्यांचा अर्थ कोणालाही कळण्याजोगा होता. प्रकरण तेथील संविधान न्यायालयापर्यंत गेले. प्रांताच्या शिक्षणप्रमुखांनी शाळांचे धोरण डावलण्यासाठी वापरलेली पद्धत २०१३ मध्ये न्यायालयाने अमान्य केली; पण त्याचबरोबर ती धोरणे विद्यार्थिनींच्या मूलभूत हक्कांशी विसंगत दिसतात म्हणून त्यांचा फेरविचार करण्याचा आदेश शाळांना दिला. पुढे २०२१ मध्ये त्या देशाने विद्यार्थिनींच्या गर्भारपणाविषयी राष्ट्रीय धोरण स्वीकारले. अन्याय कागदावर उतरलेला होता, म्हणून त्याकडे बोट दाखवता आले.

भारतात याच्या उलट स्थिती पुष्कळदा दिसते. शिक्षणहक्क कायदा २००९ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववी-दहावीतल्या मुलीला मात्र त्या तरतुदीचा आधार नाही. तिला काढून टाकण्याचा आदेशही सहसा निघत नाही. ‘दाखला काढून घ्या, मुलीच्याच भल्याचे आहे,’ असे पालकांना हलक्या आवाजात सुचवले जाते आणि पालक मान खाली घालून तो काढतात. अशा सूचनेवर कोणाची सही नसते, म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोयही नसते. हजेरीपटावर केवळ एक नाव कमी होते. तिच्याच वर्गात बसणाऱ्या, कदाचित त्या मुलाच्या पित्याच्या, नावापुढे हजेरी लागतच राहते.

यावरील उपाय खर्चाचा नाही. एका पानावर, मुलीच्या मनात ज्या क्रमाने प्रश्न येतात त्याच क्रमाने उत्तरे लिहिता येतील: प्रथम कोणाकडे जावे, ती व्यक्ती कोणाला सांगेल, घरी कळेल काय, डॉक्टर काय विचारतील, परीक्षेला बसता येईल काय, बाळंतपणानंतर परत येता येईल काय. हे पान मुलांनाही वाचावयास द्यावे, कारण जबाबदारीत त्यांचा वाटा आहे. छापण्यापूर्वी त्याचा मसुदा आठवी-नववीच्या मुलींकडून वाचून घ्यावा आणि जेथे त्या थांबतील तेथे वाक्य बदलावे. वाक्य बदलूनही भागत नसेल, तर नियम बदलण्याची शिफारस करावी. आणि ते पान मुख्याध्यापकांच्या खोलीत न ठेवता मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूस लावावे, म्हणजे आपण ते वाचीत आहोत हे दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. नागदेवाचार्यांना चिंता होती ती वृद्धांची. आज ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची करावी लागते, एवढाच फरक आहे.