मळ्यातली मुले आणि मळ्यातले मजूर



संत मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचे दोन दाखले अगदी जवळजवळ येतात. विसाव्या अध्यायात मळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो. दिवसाचा एक दिनार ठरतो आणि संध्याकाळी तो हातावर पडतो. एकविसाव्या अध्यायात बाप आपल्या दोन मुलांना मळ्यात जाऊन काम करायला सांगतो. एक 'नाही' म्हणतो, पण मागून पस्तावून जातो. दुसरा 'जातो' म्हणतो आणि जात नाही. हा दाखला आपण मिस्सामध्ये कितीदा तरी ऐकला आहे. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मजुरांशी मजुरी ठरली, मुलांशी काहीच ठरले नाही. बापाने किती देणार ते सांगितले नाही आणि 'नाही' म्हणणाऱ्या मुलानेही ते विचारले नाही.

आपल्याला नाशिकमध्ये हे फार समजावून सांगायला नको. हंगामात सुरगाणा-पेठकडची माणसे दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला उतरतात. त्यांचा रोज ठरतो. तो वेळेवर आणि पुरता देणे हा न्याय आहे; त्यात हात आखडणाऱ्याने उपवासकाळ पाळून काय उपयोग? त्याच बागेत सुट्टीच्या दिवशी मालकाचा मुलगाही वडिलांच्या हाताखाली उभा राहतो. संध्याकाळी त्याला रोज मिळत नाही, आणि त्याच्यावर अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही. बाग त्याचीच आहे.

आता आपल्या घरात डोकावू या. कुटुंबांना भेटी देताना आमच्या कानावर एक नवीन प्रश्न येतो. आई म्हणते, "बाळा, दळण घेऊन ये." बाळ विचारते, "किती देशील?" काही घरांत तर दरपत्रकच ठरलेले असते: अंथरूण आवरले तर पाच रुपये, गाडी पुसली तर वीस. आईवडिलांचा हेतू चांगला असतो. मुलांना कष्टाची आणि पैशाची किंमत कळावी, असे त्यांना वाटते. पण ज्याला मजुरी मिळते त्याला काम नाकारण्याचाही हक्क असतो. ज्या दिवशी मुलाला पैशांची गरज नसेल त्या दिवशी तो सरळ म्हणेल, "आज नको, आज मला पैसे नकोत." मग आजीला औषध कोणी आणून द्यायचे?

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवा. तो घर सोडून कधी गेला नाही, राबत राहिला. पण मनात हिशोब ठेवत राहिला. एक करडूसुद्धा मिळाले नाही, ही त्याची तक्रार. सगळेच तुझे आहे, हे बापाला त्याला सांगावे लागले. मुलगा असून तो घरात मजुरासारखा राहिला होता.

या दरपत्रकात आणखी एक अन्याय दडलेला असतो. गाडी पुसणाऱ्या मुलाला वीस रुपये मिळतात आणि रात्रीची भांडी घासणाऱ्या त्याच्या बहिणीला काहीच मिळत नाही. ते तर तिचे कामच! केंद्र सरकारने २०२४ मध्ये ६ वर्षांपासून पुढच्या सर्वांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमांवर लिहिलेल्या परिपत्रकात स्त्रियांच्या या रोजच्या ओझ्याचा उल्लेख केला आहे, आणि कधी कधी त्यांच्या घरची माणसेही त्याची दखल घेत नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. आई मजुरी मागत नाही म्हणून मुलगे मोकळे होत नाहीत. साने गुरुजींनी १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली ती आपल्या नाशिकच्या तुरुंगात. त्यातल्या श्यामला पत्रावळ लावता येत नाही, आणि आई त्याला ती शिकायला लावते. मुलगा आहे म्हणून सूट देत नाही.

तर मग मुलांना पैसेच देऊ नयेत का? आम्ही तसे म्हणत नाही. खाऊचे पैसे जरूर द्यावेत, पण कामाचा मोबदला म्हणून देऊ नयेत. घरातले मूल म्हणून त्याचा वाटा द्यावा: ठरलेल्या दिवशी, घराला झेपेल तेवढा, मुलाला आणि मुलीला सारखा. काम चुकवले तर रागवा, काम पुन्हा करून घ्या. पैसे कापू नका, नाहीतर मागच्या दाराने पुन्हा मजुरीच आली. आणि शक्यतो नोटा-नाणीच द्या. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, तरी आपल्याच मुलांना आता नोट क्वचित दिसते. दुकानात बाबा मोबाईल पुढे धरतात आणि सामान पिशवीत येते. त्यातून काय कमी झाले ते मुलाला कसे कळणार? दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातेही उघडता येते. तिथे एकदा त्याला बरोबर घेऊन जावे.

स्वतःचे पैसे असण्याचे खरे कारण मात्र वेगळेच आहे. रविवारी दान गोळा करताना आम्ही नेहमी पाहतो. आई पर्समधून दहाची नोट काढते, मुलाच्या हातात देते, मूल ती पिशवीत टाकते. ते दान कोणाचे? मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, कारण त्या तिच्या होत्या आणि तिच्याकडे तेवढेच होते. मुलाला आपले काही असेल तरच त्याला आपले काही देता येईल.

येत्या आठवड्यात हे करून पाहावे. खाऊचे पैसे शनिवारी रात्रीच द्यावेत, त्यातले किती दानात टाकायचे ते सांगू नये. सकाळी मुलाने अर्धे खिशातच ठेवले, किंवा सगळेच ठेवले, तरी मिस्साहून घरी जाताना त्याविषयी काही बोलू नये.