नावाचा धनी कोण?

अंधेरीच्या पूर्वेस, सीप्झच्या तटबंदीआड, जेथे आज संगणकाच्या आज्ञावल्या लिहिल्या जातात आणि हिऱ्यांचे दागिने घडतात, तेथेच १५७९ साली जेझुइटांनी बांधलेल्या व बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देवळाचे भग्नावशेष उभे आहेत. १८४० च्या सुमारास रोगराईमुळे ते ओस पडले, वस्ती मरोळला सरकली, आणि तेथले देऊळ मात्र शुभवर्तमानकार योहानाचे आहे. मरोळच्या रहिवाशास यात काही अडचण नाही. ‘योहानाचे देऊळ’ एवढ्याच शब्दांवरून पान शोधून देणाऱ्या यंत्रास ती पडते.

बायबलच्या अभ्यासासाठी रचलेल्या संगणकप्रणालींत हीच अडचण पानोपानी येते. जुन्या शब्दसूचीकारांचा शिरस्ता निराळा होता. जेम्स स्ट्राँग याने आपल्या १८९० च्या सूचीत योहान या ग्रीक नामास २४९१ हा एकच क्रमांक दिला. बाप्तिस्मा देणारा, जब्दीचा पुत्र, मार्क म्हणूनही ओळखला जाणारा आणि प्रेषितांच्या कृत्यांत महायाजकाच्या गोतावळ्यात ओझरता दिसणारा, असे चौघे त्या क्रमांकाखाली नांदतात. त्यांतला कोणता कोठे, हे ठरविणे त्याने वाचकावर सोपविले. आजची प्रणाली नावावर बोट ठेवताच चरित्र, नकाशा आणि वंशावळ पुढे करते. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु असा प्रत्येक दुवा हा एक निवाडा असतो, आणि त्या निवाड्याखाली कोणाची सही नसते.

इंग्रजीच्या पायावर उभारलेले हे दफ्तर मराठीत आणले की गोंधळाचे स्वरूपच पालटते. कुलपिता याकोब आणि प्रेषित याकोब यांच्या नामांची रूपे ग्रीकमध्ये किंचित भिन्न आहेत, म्हणून स्ट्राँगकडे त्यांचे क्रमांकही दोन, २३८४ व २३८५. इंग्रजीने त्यांना जेकब आणि जेम्स करून पार दूर नेले. मराठी बायबलने दोघांनाही याकोबच म्हटले. यहूदाचे नेमके उलट. कुलपिता, विश्वासघातकी शिष्य आणि पत्रलेखक हे तिघे ग्रीकमध्ये एकाच नामाचे. इंग्रजीने त्यांची तीन रूपे केली, आणि इस्कर्योताचा कलंक इतरांस लागू नये अशी तजवीज त्यात आपोआप झाली. मराठीने मुळाशी इमान राखले, आणि वंश व राज्य हेही त्याच नावाखाली राहिले. तेव्हा केवळ अक्षरे जुळवून दुवे जोडले, तर याकोबाचे पत्र वाचणारा बोरिवलीचा विद्यार्थी बेथेलच्या स्वप्नातील शिडीपाशी जाऊन पोहोचेल; आणि इंग्रजी दुवे जसेच्या तसे उचलले, तर वाट चुकणार नाही, परंतु परक्या भाष्यकारांचे निवाडे मराठी वाचकाच्या नावे बिनचौकशी दाखल होतील. पहिली चूक हास्यास्पद असल्यामुळे लगेच पकडली जाते. मला भय दुसरीचे वाटते. एकाच नावाच्या दोन खातेदारांची जमीन तलाठी चौकशीवाचून एका खात्यावर चढवीत नाही. निदान चढवू नये.

दोष एकट्या यंत्राचा, असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. ५९१ साली पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात मग्दालिया मरीया, बेथानीची मरीया आणि लूकच्या सातव्या अध्यायातील अनामिक पापी स्त्री या एकच, असे सांगितले. पौर्वात्य चर्चने ते मानले नाही. पश्चिमेने मानले, आणि चित्रकारांनी त्यावर शेकडो अश्रू ढाळविले. १९६९ च्या रोमन पंचांग-सुधारणेत या तिघी अधिकृतपणे वेगळ्या झाल्या. एक चुकीचा दुवा सुमारे पावणेचौदाशे वर्षे टिकला, आणि त्यास विजेची गरज पडली नाही.

याच्या उलट रीत तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचे बिशप दियोनिसियस यांची. प्रकटीकरणाचा कर्ता स्वतःस योहान म्हणवितो, हे त्यांना मान्य होते. तो पवित्र पुरुष होता, हेही मान्य होते. पण भाषा आणि विचारांची धाटणी पाहता शुभवर्तमान लिहिणारा तो हा नव्हे, असे त्यांनी कारणांसह मांडले, आणि इफिसात योहानाच्या नावाच्या दोन कबरी सांगितल्या जातात, याकडेही लक्ष वेधले. परंपरेने बहुधा त्यांचे ऐकले नाही. ज्या नोंदवहीत एका नावापुढे एकाच व्यक्तीचा क्रमांक बसेल एवढी जागा असेल, तिच्यात हा वाद दाखलच होऊ शकत नाही. म्हणून मराठीसाठी असे दफ्तर नव्याने रचणाऱ्याने प्रथम शेऱ्याचा रकाना आखावा, आणि प्रकटीकरणाच्या पहिल्याच वचनातील योहानापुढे दोन क्रमांक लिहून त्या रकान्यात दियोनिसियस यांचे नाव घालावे.