कृतज्ञतेचे सुख

‘कृतज्ञ’ म्हणजे आपल्यासाठी जे केले गेले, ते जाणणारा. परंतु जे नित्य मिळते, तेच मनुष्य जाणत नाही. आपण पाटावर मांडी घालून जेवतो, अनवाणी देवळात जातो. यात काही लाभ आहे, असे कोणास वाटते?

ज्यांचे पाय गेले, त्यांच्यासाठी जयपूर नगरीत १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे पाऊल असलेला कृत्रिम पाय सिद्ध केला. विलायती घडणीच्या पायाला बूट लागे. त्याने ना उकिडवे बसता येई, ना चिखलात शेती करता येई. जयपूरच्या पायाने ही कर्मे पुन्हा साधली. १९७५ मध्ये स्थापन झालेली तेथील भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे पाय विनामूल्य बसवते.

हे ऐकून ‘त्यांच्यापेक्षा आपण बरे’ असे कोणी म्हणेल, तर ती कृतज्ञता नव्हे. दुसऱ्याच्या उणिवेवर उभारलेले समाधान हा अहंकारच होय. अधिक संपन्न मनुष्य दिसताच ते ढासळते. आपले पाय आपण कमावलेले नाहीत, ते ऋण आहे, ही जाणीव खरी. मिळालेले परत न देता एकट्याने भोगणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने चोर म्हटले आहे. प्रातःकाळी भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याची आपली चाल आहे. त्याच वेळी मनास विचारावे, आज हे पाय कोणाच्या कामी येतील? असे विचारणाऱ्याचे सुख तुलनेवर अवलंबून राहत नाही.