शिकलेल्या विद्येवर हक्क कोणाचा?

नांदेडाहून येणारा मोठा रस्ता वारंगा फाट्यास दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर व कळमनुरीवरून हिंगोलीस जाते. दुसरी हदगांव, उमरखेडाकडून यवतमाळास निघते. आसपासच्या खेड्यांतील किती तरी तरुण-तरुणी शिक्षकाचें शिक्षण घेण्यास याच फाट्यावरून मोटारींत बसतात. कोणाची फी बापानें सालगडी राहून भरलेली असते, तर कोणाची आईनें अंगावरचा दागिना मोडून. पुढें पदवी हातीं आली म्हणजे त्यांच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो, किंवा राहावयास पाहिजे: ही विद्या माझी, कीं ज्यांच्या आधारानें मी शिकलों त्यांची?

एक पक्ष म्हणतो, “रात्री जागून अभ्यास मी केला, परीक्षा मी दिली, तेव्हां विद्या माझी. जेथें वेतन अधिक, तेथें ती नेण्यास मी मोकळा.” या म्हणण्यांत असत्य नाहीं, पण तें अपुरें आहे. शेतांत घाम गाळणारा कुणबीसुद्धां पाऊस आपण पाडला असें म्हणत नाहीं.

या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं एका विद्यापीठांत झाला. जर्मनींतील हाल्ले येथें १६९४ सालीं लूथरपंथी विद्यापीठ स्थापन झालें. तेथील प्राध्यापक औगुस्त हेर्मान फ्रांके यांनीं गरीब मुलांसाठीं शाळा काढल्या. १६९६ सालीं त्यांनीं अशी व्यवस्था केली कीं, विद्यापीठांतील गरजू विद्यार्थ्यांस मोफत जेवण मिळावें, आणि त्यांनीं त्या शाळांत मुलांस शिकवावें. १७०७ सालीं निवडक विद्यार्थ्यांसाठीं निराळा वर्ग निघाला. त्याचा नियम असा होता कीं, दोन वर्षें शिक्षण घ्यावें व मग तीन वर्षें तेथेंच अध्यापन करावें. म्हणजे घेणें आणि देणें हीं दोन्ही एकाच करारांत बांधलीं होतीं.

पण करार संपला म्हणजे ऋण संपतें काय? याच हाल्लेंत शिकलेले त्सीगेनबाल्ग १७०६ सालीं तमिळ देशांत तरंगंबाडीस उतरले. तेथील भाषा शिकून त्यांनीं तेथील मुलांसाठीं शाळा काढल्या. १७०७ सालीं मुलींचीही शाळा सुरू झाली. हाल्लेंत जें मिळालें, तें हाल्लेस परत गेलें नाहीं. तें समुद्रापलीकडच्या लेंकरांस मिळालें. आपल्या महाराष्ट्रांतही तेंच दिसतें. सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचे धडे अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) मिस सिंथिया फरार यांच्याकडे घेतले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. ती विद्या १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांतील मुलींस पोंचली. रस्त्यांत लोक शेणचिखल फेंकीत, तरी ती थांबली नाहीं.

यावरून विद्येचा एक गुण ध्यानांत येतो. उसनें घेतलेलें धान्य ज्याचें त्यास परत द्यावें लागतें. विद्येचें ऋण मात्र पुढच्यास देऊन फिटतें. आणि धान्य दिल्यानें कणगी रिती होते, विद्या दिल्यानें देणाऱ्याचीच वाढते. धन्याचें धन जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टान्त आपणांस ठाऊक आहे. त्यानें तें चोरलें नव्हतें, उधळलेंही नव्हतें. तरी तो दोषी ठरला.

तर मग शिकलेल्या प्रत्येकानें आपल्याच खेड्यांत परतावें काय? असा नियम घालणें बरोबर नाहीं. सक्तीनें राहिलेला शिक्षक वर्गांत असूनही नसल्यासारखाच. परंतु दोन ठिकाणांहून बोलावणें आलें, आणि एका ठिकाणीं जाण्यास दहा जण तयार आहेत व दुसऱ्या ठिकाणीं कोणीच नाहीं, तर दुसऱ्या ठिकाणच्या मुलांचा हक्क मोठा आहे, हें शिकलेल्यानें निदान मनाशीं कबूल करावें. कबूल करूनही घरची अडचण आड आली, तर त्याला कोणी दोष देऊं नये.

आणि गांवाचें कांहींच देणें नाहीं काय? मार्टिन लूथर यांनीं १५२४ सालीं शाळांविषयीं जें पत्र लिहिलें, तें शिक्षकांस नव्हे, तर नगरांच्या कारभाऱ्यांस लिहिलें. रस्ते, पूल व बंदुका यांवर इतका पैसा खर्च होतो, तर मुलांस शिकविणाऱ्या एकदोन योग्य माणसांवर कां होऊं नये, असा त्यांचा सवाल होता. तो आज आपणांसही लागू आहे. शिक्षिकेस राहण्यास धड खोली नाहीं, ऊसतोडणीच्या हंगामांत निम्मीं मुलें आईबापांबरोबर निघून जातात, मुलगी मोठी झाली कीं तिचें दप्तर खुंटीस लागतें. असें असतां “शिकलेले लोक आमच्या गांवीं टिकत नाहींत” अशी तक्रार आपण कोणत्या तोंडानें करावी?

म्हणून, प्रिय वाचकहो, जो शिकून आला त्यानें आपण कोणाच्या भाकरीवर शिकलों हें आठवावें. आणि ज्यांनीं त्याला धाडलें, त्यांनीं तो परत आल्यास त्याच्यासाठीं खोली झाडून ठेवावी व मुलें वेळेवर शाळेंत पाठवावीं. दोघांनीं आपापलें देणें ओळखलें, तर हक्काचा वाद उरणारच नाहीं.