पहिली भेट कोणती म्हणावी?

साखरपुडा आटोपला, पेढे वाटून झाले, की पाहुण्यांपैकी कोणीतरी नियोजित वधूवरांस हटकून विचारतोच, "काय हो, तुमची पहिली भेट कोठे झाली?" आमचे केडगाव हे पुणे रस्त्यावरचे गाव आता नगर शहरात मिसळून गेले आहे. येथील मुलेमुली कॉलेजात एका वर्गात बसतात, एकाच बसने कामास जातात. तेव्हा उत्तरेही नाना प्रकारची येतात. कोणी सांगतो, कॉलेजात. कोणी, मावसबहिणीच्या लग्नात. आणि कोणी लाजत सांगते, पाहण्याच्या दिवशीच. हे शेवटचे उत्तर ऐकून तरुण मंडळी नाक मुरडतात, पहिले ऐकून वडीलधारी माणसे एकमेकांकडे पाहतात. आधी प्रेम की आधी लग्न, हाच काय तो वाद, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. वाद भलत्याच ठिकाणी चालला आहे, असे आम्हांस वाटते.

रिबकेची गोष्ट आपल्या वाचकांस तोंडपाठ आहे. अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी येतो, ती त्याला व त्याच्या उंटांना पाणी पाजते, आणि घरची माणसे तिचे लग्न न पाहिलेल्या इसहाकाशी ठरवून मोकळी होतात. वडिलांच्या पसंतीचा कैवार घेणारे हीच कथा पुढे करतात. पण निघण्याच्या सकाळी घरच्यांनी तिला बोलावून, तू ह्या मनुष्याबरोबर जातेस काय, असे विचारले, हा भाग ते वगळतात. प्रश्न लगेच निघण्यापुरता होता, बोलणी आदल्या रात्रीच झाली होती, हे आम्ही नाकारीत नाही. तरी तिचा शब्द येईपर्यंत उंट थांबून राहिले. इसहाकाच्या प्रेमाचा उल्लेख तर तिला घरात आणल्यानंतरचा आहे.

आता आपल्या नगरकडचेच उदाहरण घेऊ. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचा विवाह सुमारे 1880 साली झाला. जलालपूरची मनकर्णिका गोखले तेव्हा 11-12 वर्षांची होती. तिला कोणी काय विचारणार? पुढचा संसार कसा झाला, हे बाईंनी 'स्मृतिचित्रे' ह्या आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. त्याचा पहिला भाग 1934 साली निघाला. नवऱ्याचा तापटपणा, कोणास न सांगता घर सोडून जाण्याची त्यांची खोड, हातात पैसा न ठरणे, सारे त्यांनी हसत हसत व काही न लपविता लिहिले आहे. 1895 साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. बाई आपल्या नातलगांत राहिल्या. दु:ख अनावर होते. पण परत जाण्याची सक्ती आता त्यांच्यावर कोणाचीच उरली नव्हती. उलट, समाजाचा सगळा जोर त्यांना अडवून धरण्याकडे होता.

आणि त्या परत आल्या. ख्रिस्ती होण्यापूर्वीच आल्या, आपले सोवळे सांभाळून राहिल्या. बाप्तिस्मा त्यांनी स्वत:च्या विचाराने पुढे 1900 साली घेतला. ह्या दोघांची पहिली भेट कोणती म्हणावी? मांडवात अंतरपाट दूर झाला ती, की नको म्हणण्याची पूर्ण मोकळीक असता त्या पतीच्या दारात उभ्या राहिल्या ती? आमचे मत दुसऱ्या भेटीकडे आहे. पहिल्या वेळी त्या टिळकांना दिल्या गेल्या. दुसऱ्या वेळी आपण होऊन आल्या.

त्याच काळात ज्यांना ही मोकळीक लग्नाआधीच मिळाली, अशीही माणसे होती. पंडिता रमाबाईंचे नाव काढताच कोणी आमच्या केडगावचे म्हणेल, म्हणून सांगून ठेवतो की त्यांचे मुक्ती मिशन पुणे जिल्ह्यातील दौंडजवळच्या केडगावास आहे. 1880 साली, आईबाप व भाऊ सर्व निवर्तल्यावर, त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या परजातीच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन वर्षेही झाली नाहीत तोच पटकीने तो संसार मोडला. धोंडो केशव कर्वे ह्यांनी 1893 साली जिच्याशी पुनर्विवाह केला ती गोदूबाई त्यांच्या मित्राची बहीण, बालविधवा, रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. ओळख घरची, बोलणे वडिलांमार्फत झाले, पण होकार तिचा होता. मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांस वाळीत टाकले. तरुणांना आवडेल अशी प्रेमकथा ह्यात फारशी नाही. विचारणे मात्र होते.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. आपल्याकडे मुलीस विचारीत नाहीत असे नव्हे. विचारतात, पण बैठकीत, वीस माणसांसमोर, चहाचे पेले हातात असताना, "पसंत आहे ना, बाळ?" म्हणून. मान खाली गेली की होकार झाला. उपासनेत विवाहाच्या सूचना वाचल्या जातात, हरकत असल्यास कळवा म्हणून सांगतात. ती हरकत इतरांनी घ्यावयाची. वेदीपुढे तिला "होय" म्हणावयास लावतो ते आम्हीच, पण तोपर्यंत मांडव पडलेला असतो, मामा मुंबईहून आलेले असतात, भाताची डेग चुलीवर चढलेली असते. अशा वेळच्या "होय"ला किती वजन द्यावे?

प्रेमविवाहवाल्या तरुणांनीही येथे फार आनंदू नये. मुलगी दोन वर्षे नाही म्हणत होती, मी पाठ सोडली नाही, शेवटी ती वळली, असे आपल्या पहिल्या भेटीचे वर्णन एखादा तरुण मोठ्या अभिमानाने करतो आणि मंडळी टाळ्या पिटतात. तिचे "नाही" ह्याने एकदाही ऐकले नाही, हेच तो सांगत असतो. बापाने मान खाली घालावयास लावली काय आणि ह्याने दमवून आणली काय, त्या मुलीच्या दृष्टीने फरक थोडा.

खेड्यातील सोयरिकीत मध्यस्थी पुष्कळदा उपदेशकालाच करावी लागते. त्याच्या मनात मुलीच्या बापाचे कर्ज असते, मुलाची नोकरी असते, दोन घरांचे जुने वैर मिटेल अशी आशाही असते. ह्या सर्व गोष्टी चांगल्या आहेत, आणि म्हणूनच मुलीचे ऐकणे त्याला जड जाते. आम्ही अलीकडे असे करतो की सुपारी फुटण्यापूर्वी आमच्या घरातून मुलीकडे निरोप पाठवितो. ती एकटी येते, ओसरीवर आमच्या पत्नीजवळ बसते. आम्ही आत जातो. मुलासही तसेच वेगळे बोलावितो, कारण नको असता गप्प बसणारे मुलगेही आम्ही पाहिले आहेत.

मागे एका मुलीने दोन दिवस मागून घेतले. तिचे वडील आमच्यावर रागावले, पाहुण्यांस काय तोंड दाखवू म्हणाले. आम्ही पाहुण्यांना दोन दिवस थांबविले. तिसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, मला त्यांच्याशी एकदा बोलावयाचे आहे, मग सांगते.